शेजारणीला दिलेला पास

कबूल करायचंच तर एका दमात करते. सामना संपायला चारेक सेकंद उरले होते, आम्ही एका गुणाने पुढे होतो, चेंडू माझ्या हातात होता, आणि तो मी समोरच्या संघाला दिला. कुणी हिसकावला नाही, धक्का लागला नाही, हातातून निसटलाही नाही. मी दिला. दोन्ही हातांनी, छातीच्या उंचीवर, हळदीकुंकवाला आलेल्या बाईला वाण द्यावं तसा. घेणारीने तो घेतला, आम्ही जी बास्केट राखत होतो तिच्यातच टाकला, आणि आम्ही एका गुणाने हरलो.

तेव्हा मी अवघी चौसष्ट वर्षांची होते. आता सदुसष्टावं लागलंय, त्यामुळे त्या अल्लड बाईकडे जरा समजुतीने बघू शकते. दोन्ही गुडघ्यांना निळे पट्टे, कपाळावर नातवाचा घाम टिपायचा पट्टा, आणि तोरा असा की ते कोर्ट जणू हिला माहेरून आंदण मिळालंय.

कोर्ट माटुंग्याचं. तिथे आमचं कॉलेज आणि पलीकडचं कॉलेज यांच्यामध्ये एक भिंत आहे. हल्ली दोन्हीकडे विद्यापीठाच्या पाट्या लागल्यात. आधी त्यांच्याकडे लागली, मग आमच्याकडे, त्यांच्यापेक्षा हातभर रुंद. आमच्या तोंडी अजूनही ‘आपलं कॉलेज’ आणि ‘पलीकडचे’ असंच आहे. भिंत कोणाची, हे मात्र ठरलेलं नाही. पडकी दिसायला लागली की ती आमची असते आणि रंगवली की त्यांची.

परीक्षेत पहिलं कोण आलं, गॅदरिंगला गर्दी कुठे जास्त झाली, याचं इकडेही कुणाला काही नाही आणि तिकडेही. बास्केटबॉलचं नाव काढलं की मात्र शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांच्या भुवया वर. त्यातून पलीकडच्यांच्या कोर्टावर नवी सात मजली इमारत उभी राहिली आणि त्यांचा संघ आमच्या कोर्टावर खेळायला यायला लागला. पाहुणे म्हणून आले आणि भाडेकरू झाले. मुंबईत भाडेकरू उठत नाही, हे काय सांगायला हवं?

आता कोर्ट एक आणि मुलींचे संघ दोन. संध्याकाळची साडेचारची वेळ सगळ्यांना हवी, सकाळची सहाची कुणालाच नको. दोन्हीकडच्या क्रीडाशिक्षकांनी एकमेकांना पुष्कळ पत्रं लिहिली आणि शेवटी दमून एक तोड काढली. वर्षाच्या सुरुवातीला जुन्या खेळाडू बायकांचा सामना घ्यायचा, पन्नाशीच्या पुढच्या. पाच पाच मिनिटांचे चार डाव. जिंकतील त्यांच्या मुलींना वर्षभर संध्याकाळ, हरतील त्यांच्या मुलींना सकाळ. भांडण मिटतं आणि म्हाताऱ्यांना पळताना बघायची पोरांना फुकट करमणूक होते.

भिंतीपलीकडच्या ज्या शेजारणीला मी चेंडू दिला, ती माझी सगळ्यात जुनी मैत्रीण. कॉलेजात आम्ही दोघी चार वर्षं एकाच संघात होतो. मी गिरगावातून यायचे, ती माटुंग्यातलीच. मी बुटकी, चेंडू घेऊन सुसाट सुटणारी. ती उंच, बास्केटच्या डाव्या अंगाला खांबासारखी उभी. हात वर करून ती “दे!” म्हणायची आणि मी तिच्याकडे न बघता द्यायचे. पुढे ती पलीकडच्या कॉलेजात शिकवायला लागली आणि तीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाली. खरं तर ती आमची माजी विद्यार्थिनी. पण संघ पाडायची वेळ आली तेव्हा मान ताठ करून म्हणाली, “ज्यांची पेन्शन खाते, त्यांच्याकडून खेळणार.”

त्या दिवशी सामन्याआधी माझ्या बुटाची नाडी आमच्या मुलींच्या संघातली एक मुलगी बांधत होती. मी स्वतः वाकले असते तर तशीच राहिले असते. मुलगी दुसऱ्या वर्षाला, चिंचपोकळीच्या चाळीत राहणारी, आणि खेळायला अशी चपळ की तिच्यात मला मी दिसायची. (मी इतकी चपळ कधीच नव्हते, हे मैत्रिणीचं मत इथे नोंदवून ठेवते.) नाडीची गाठ मारता मारता ती म्हणाली, “आजी, जिंकाच हां.”

“का गं? आम्ही काय हरायला आलोय?”

“तसं नाय. पण सकाळची प्रॅक्टिस आली ना, तर मी आउट. आईचं पोळीभाजी केंद्र आहे. पाच ते साडेसात चपात्या मी लाटते, ती भाज्या करून डबे भरते. आई बोलली, सकाळची आली तर टीम सोड.”

“वेडी आहेस. सामना माझ्या खिशात आहे असं समज.”

माझ्या ट्रॅकपँटला खिसा नव्हता.

सामन्याचं फार वर्णन करत नाही. दहा बायका, त्यातल्या तिघींना चष्मा, दोघींना मधुमेह. पंच आमच्याच कॉलेजचा जुना विद्यार्थी, त्यामुळे चेंडू न आपटता दोन पावलं जास्त चाललं तरी तो आकाशाकडे बघायचा. आणि तरीही आम्ही एका गुणाने पुढे होतो. त्यांचा शेवटचा नेम चुकला, चेंडू कड्याला लागून उडाला आणि थेट माझ्या हातात आला. आता मला काहीच करायचं नव्हतं. पोटाशी धरून चार आकडे म्हणायचे, बस. तेवढ्यात डावीकडून आवाज आला, “दे!”

आणि मी दिला.

“अगं, ती त्यांची आहे!” आमची एक खेळाडू किंचाळली, पण तोवर चेंडू जाळीतून खाली आला होता. पंच इतका हसत होता की त्याला शिट्टी फुंकता येईना. नातवाने सगळं मोबाइलवर टिपलं. घरच्या ग्रुपवर माझ्या प्रत्येक वाढदिवसाला शुभेच्छांच्या आधी तेच येतं.

ती मुलगी मात्र पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा करत राहिली. ते काम तिचं नव्हतं.

हरलेल्यांनी जिंकलेल्यांना नाक्यावरच्या उडप्याकडे इडली-कॉफी द्यायची, असा आमचा रिवाज. पोरीही बरोबर आल्या होत्या. तिथेही मैत्रिणीचं हसू थांबेना.

“आपण एका संघात होतो तेव्हासुद्धा इतका सुंदर पास दिला नव्हतास गं.”

“तू ‘दे’ म्हणालीस!”

“सवयीने म्हणाले.”

“आणि टाकलास तो?”

“तोही सवयीनेच.”

ते सवयीने होतं की मुद्दाम, हे तिने आजतागायत कबूल केलेलं नाही. पण मी तिला मुलीची गोष्ट सांगितली, तेव्हा तिने कॉफीचा पेला खाली ठेवला. “एवढंच ना? मी आमच्या सरांना सांगते, वेळ बदलून घेऊ,” म्हणाली आणि मुलीला हाक मारून टेबलापाशी बोलावलं.

मुलीने ऐकून घेतलं आणि मान हलवली. “नको मॅडम. तुमच्याकडून मागून घेतली, तर वर्षभर तुमच्या पोरी ऐकवणार, आम्ही दिली म्हणून खेळताय. हरलो ना, मग हरलो.”

“मग संघ सोडणार?” मी विचारलं.

“बघू.”

मुंबईत ‘बघू’ म्हणजे नाही. ते ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “पोळ्या मी लाटेन.”

मैत्रीण माझ्याकडे बघतच राहिली. तिला ठाऊक होतं ते मुलीला नव्हतं. आमच्या दादरच्या घरी बावीस वर्षं पोळ्यांना बाई येतात. त्या काळात मी लाटणं हातात घेतलं असेल ते झुरळ मारायला. पण शब्द गेला तो गेला. मैत्रिणीने सुस्कारा सोडला. “पास तू दिलास, बास्केट मी टाकली. पाप अर्धं अर्धं. मी पण येते.”

सराव आठवड्यातून तीन दिवस होता. सोमवारी पहाटे पावणेपाचला ती तिची गाडी घेऊन दादरला माझ्या दाराशी हजर. फुलबाजारात तेव्हा झेंडूचे ढीग पडत होते आणि मी तिच्या शेजारच्या सीटवर मराठीतून देवाचा धावा आणि इंग्रजीतून स्वतःचा उद्धार करत होते.

चाळीच्या तळमजल्याच्या खोलीत मुलीची आई दोन शेगड्यांमध्ये उभी होती. चाळिशीची, बारीक, पदर खोचलेला. मुलीने तिला काय सांगितलं होतं कोण जाणे, तिने आधी आमच्या चपला बघितल्या, मग माझे हात.

“तुमी लाटणार? शाळेतल्या बाई वाटता.”

“कॉलेजातल्या,” मैत्रीण म्हणाली.

“मग तर झालंच. बसा.”

मी पोळी म्हणते, ती चपाती म्हणते. माझ्या हातून जे झालं त्याला दोन्ही नावं लागू नव्हती. तिने पहिली उचलली, दिव्यासमोर धरली आणि कडेवरून बोट फिरवलं. “ही कड बघा, काकू. भाजी पळून जाऊ नये म्हणून कुंपण घातलंय काय?” शेजारच्या पोळपाटावर मैत्रिणीची एकेक पोळी तव्यावर पडत होती आणि टम्म फुगत होती. मला तोंड वर करायची चोरी. इथेही ती पलीकडच्यांकडूनच खेळत होती.

माझ्या पोळ्या गिऱ्हाइकाच्या डब्यात गेल्या नाहीत. त्या वेगळ्या टोपलीत घरच्यासाठी ठेवल्या गेल्या. म्हणजे माझ्या प्रायश्चित्ताची शिक्षा त्या मायलेकींनी दुपारी भोगली आणि रात्रीही. मुलगी सराव करून आठला घामाघूम घरी आली, चहात बुडवून उभ्याउभ्याच त्यातली एक खाल्ली आणि म्हणाली, “भारी आहे आजी. एकीतच पोट भरतं.”

आई म्हणाली, “भरंल नाय तर काय. चारचा ऐवज एकीत आहे.”

तिसऱ्या आठवड्यात माझी पहिली पोळी डब्यात गेली. मी मैत्रिणीला कोपराने ढोसलं, तिने बघितलं न बघितलं केलं. कधी सरावाला निघता निघता मुलगी आदल्या खेपेला काय नवीन शिकली ते सांगायला लागायची, तेव्हा मैत्रीण अगदी साळसूदपणे विचारायची, “अस्सं? मग डावीकडून कोण पळतं?” मी लाटणं आपटायचे, “शत्रूला काही सांगू नकोस!” आई भाजी परतता परतता म्हणायची, “हिकडे चपात्या जळतायत आणि ह्यांचं बॉल बॉल. बॉल टाकून भेटतं काय, ते एकदा सांगा मला.”

हे मात्र ती चेष्टेत म्हणत नव्हती. एकदा मुलगी नसताना मला म्हणाली, “तुमी किती दिवस येणार? ह्या वर्षी हौस झाली. पुढल्या वर्षी तिचं शेवटचं वर्ष, मग नोकरी. खेळ बास.” बॉल टाकून मला काय भेटलं होतं? एक मैत्रीण, तीही पलीकडची. मी पुढची पोळी लाटायला घेतली.

फेब्रुवारीत दोन्ही कॉलेजांच्या मुलींचा सामना होता, रविवारी. रविवारी केंद्र बंद. आम्ही दोघींनी आईला जवळजवळ उचलूनच माटुंग्याला आणलं आणि पायरीवर आमच्या मधोमध बसवलं. डाव्या कानात मैत्रीण पलीकडच्यांसाठी ओरडत होती, उजव्या कानात मी आमच्यांसाठी. आई मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली होती. मुलगी चेंडू घेऊन सुटली की तिचं एकच, “पडंल ती. बघा, पडंल.”

ती पडली नाही. दुसऱ्या डावात तिने तिघींना चुकवलं, थांबली, मान एकीकडे आणि चेंडू दुसरीकडे करून तो अशा जागी टाकला की आमच्या मुलीला नुसता हात लावायचा बाकी राहिला. मैत्रीणसुद्धा “वा!” म्हणाली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. आईची पिशवी मांडीवरून खाली गेली. चौथ्या डावात ती उभी होती. “धाव गो बाय! धाव!” माझा दंड तिने असा धरला होता की चार दिवस काळानिळा होता. शेजारी बसलेल्या कुणाला तरी ती सांगत होती, “ती निळ्या पट्टीवाली ना, ती माझी.”

आम्ही हरलो. तीन गुणांनी. मुलगी टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडली. आईने समजूत वगैरे घातली नाही, नुसता तिच्या मानेवरचा घाम पदराने पुसत उभी राहिली.

रिवाजाप्रमाणे सगळे उडप्याकडे गेलो. मैत्रीण जिंकल्याच्या थाटात दुसरी कॉफी मागवत होती. मुलगी दूरच्या टेबलावर पलीकडच्याच पोरींशी शेवटच्या बास्केटवरून तावातावाने भांडत होती, आता हसत. आई बराच वेळ तिच्याकडे बघत होती. मग इडलीचा तुकडा सांबारात बुडवत, माझ्याकडे न बघताच म्हणाली, “चपाती तुमची अजून जाडच होते, काकू. पण हिला पुढल्या वर्षी पण खेळवणार मी. तेव्हा लाटणं सोडू नका.”