वडिलांचा प्राणायाम

गुजरातेत, नवागामच्या आमच्या घराजवळच्या बागेत सकाळी प्राणायामाचा वर्ग भरतो. वडील जाऊन तीन वर्षं झाली, तरी तिथून जाताना माझे पाय रेंगाळतात. लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात जन्म काढून ते घरी बसले, तेव्हा दोन जिने चढले तरी त्यांना धाप लागायची आणि कानांनी तर केव्हाच राम म्हटला होता. डॉक्टरांनी श्वासाचे हलके व्यायाम सांगितले, म्हणून मीच त्यांना ओढत वर्गाला नेऊ लागले.

हात वर, हात खाली, मान डावीकडे, इथवर ते सगळ्यांच्या पुढे. गाडी अडायची शेवटी. शिकवणाऱ्या गुजराती बेन सगळ्यांना डोळे मिटायला लावायच्या आणि वडील टक्क डोळे उघडे ठेवून लोकांची तोंडं न्याहाळत बसायचे. बायका तोंडाला पदर लावायच्या. बेन एकदा म्हणाल्या, काका बहुतेक आमच्यावर पहारा ठेवायला येतात.

मी मुळातच फटकळ. परतताना रस्त्यातच त्यांना थांबवलं. लूमच्या खडखडाटात एकमेकांचं ऐकू येत नाही, म्हणून तिथले कारागीर ओठ वाचूनच बोलतात. घरीही वडिलांशी आम्ही तसंच बोलायचो. त्यांच्यासमोर उभी राहून, ओठ नीट हलवत मी विचारलं, चारचौघांत हा हट्ट कशाला? छाती सुधारायला नको का?

त्यांनी माझे ओठ वाचले. मग म्हणाले, "डोया मिटात का मन्हाजोडे कोनीच ऱ्हात नही, माय."

मला माझीच लाज वाटली. उभा जन्म त्यांच्याशी ओठांनी बोलले, पण डोळे मिटले की हा माणूस साऱ्या जगापासून तुटतो, हे माझ्या टाळक्यात कधी शिरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डोळे मिटायची वेळ आली तेव्हा मी त्यांचा हात हातात घेतला. मी दोनदा दाबला की डोळे उघडायचे, असं घरूनच ठरवून आलो होतो. त्यांनी आधी एक डोळा मिटला, जरा थांबून दुसरा. हळूहळू त्यांचे खांदे सैल पडले, श्वास लांब झाला.

वर्ग संपला. बायकांनी चटया गुंडाळल्या, बेन चपला घालून निघाल्या. माझ्याने काही हात दाबवेना.