पंधरा मिनिटांचा उत्तर ध्रुव

पृथ्वीच्या डोक्यावरचा बर्फ अजून थोडाफार टिकून असेल, तर तो केवळ माझ्या व्याह्यांच्या धाकानं, असं माझं ठाम मत आहे. रोज सकाळी सात वाजता न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या आमच्या स्वयंपाकघरात हा माणूस कानटोपी घालून, चहाचा कप पुढे घेऊन उत्तर ध्रुवाची हजेरी घ्यायला बसतो. अलास्का, कॅनडाचं वरचं टोक, ग्रीनलंड, नॉर्वे अशी गावोगावची तापमानं वहीत उतरवतो आणि एखादं गाव जास्त ऊबदार निघालं, की वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे बघावं तसा चष्म्यावरून वहीकडे बघतो. मग पहिलं वाक्य येतं, "काय करून राहिले हे लोक!" हे लोक म्हणजे कोण, ते दिवसागणिक बदलतं. संताप तेवढा रोज ताजा असतो, ताकासारखा.

माझा मुलगा आणि त्यांची मुलगी ह्यांच्या लग्नामुळे आम्ही नात्यात आलो आणि दोघांचेही जोडीदार गेल्यामुळे एका घरात. मुलांनी सोय म्हणून आम्हाला एकत्र ठेवलं की करमणूक म्हणून, ते अजून उलगडलेलं नाही. मी ठाण्याची भूगोलाची बाई. ते नागपूरचे, आणि चाळीस वर्षं त्यांनी शीतगृहं उभारली. बाहेर मे महिन्यात रस्त्याचं डांबर पातळ होतंय आणि आत संत्र्यांना हुडहुडी भरलीय, असा त्यांचा व्यवसाय. शीतगृहाच्या माणसाला आयुष्यात एकच शत्रू असतो, उघडं दार. त्यामुळे आमच्या घरी फ्रिज उघडणं हे धाडसाचं काम आहे. मी एकदा कोथिंबीर शोधत जरा रेंगाळले, तर पाठीमागून आकडे मोजल्याचा आवाज. "सात... आठ... नऊ... विहीणबाई, दार!" मी म्हटलं, "अहो, कोथिंबीर दिसत नाहीये." तर म्हणाले, "आधी आठवायचं कुठं ठेवली, मग उघडायचं. तुम्ही उघडून आठवून राहिल्या."

उत्तर ध्रुवावर त्यांचा जीव जडला तो ह्यातूनच. त्यांच्या लेखी ते जगाचं शीतगृह आहे आणि त्याचं दार कुणीतरी नालायकानं उघडं टाकलंय. सुरुवातीला त्यांना फक्त दाराची काळजी होती. मग अलास्काच्या एका खेड्यातलं छोटंसं रेडिओ केंद्र त्यांना इंटरनेटवर सापडलं. तिथे ध्रुवाभोवतीच्या सगळ्या मुलखांतली माणसं येऊन गप्पा मारतात. कुणाच्या रेनडिअरांच्या चराईच्या वाटेत पवनचक्क्या आल्या, कुठल्या बेटावरच्या शाळेत आपल्या भाषेचा तास पुन्हा सुरू झाला, कुणाच्या लग्नात विमान न आल्यामुळे नवरदेवच पोचला नाही. ते ऐकता ऐकता व्याह्यांना शोध लागला, की शीतगृहात माणसं राहतात, आणि मग जो काही संताप सुरू झाला तो आजतागायत उतरलेला नाही. कुणीतरी ग्रीनलंडचं मोठंथोरलं बेट विकत घ्यायचं म्हणतोय ही बातमी आली त्या दिवशी त्यांनी चहाच घेतला नाही. "विकत घेणार म्हणे! बेट आहे का टू-बेडरूम कॉन्डो? माणसं राहतात ना बाप्पा तिथं! त्यांना कोणी विचारलं का?"

"त्यांना कोणी विचारलं का?" हे वाक्य तेव्हापासून आमच्या घरात कायमचं मुक्कामाला आलं. मुलानं शुक्रवारी पिझ्झा मागवला, तर व्याही जिन्यावरून गरजले, "विहीणबाईंना कोणी विचारलं का?" मला खरं म्हणजे पिझ्झा आवडतो. पण तत्त्वाचा प्रश्न आला म्हटल्यावर मीही तोंड वाकडं करून पिठलं-भाताची मागणी केली आणि ते करायला मलाच उभं राहावं लागलं.

एडिसनला ओक ट्री रोडवर किराणा आणायला गेलो की मी त्यांच्यापासून चार पावलं लांब चालते. एका दुकानात आइसक्रीमच्या खोक्यावर पांढरं अस्वल आणि पेंग्विन गळ्यात गळा घालून उभे होते. व्याह्यांनी खोका उचलला, पाहिला, आणि थेट गल्ल्यावरच्या मालकासमोर आपटला. "हे दोघं एकमेकांना जन्मात भेटले नाहीत! अस्वल उत्तरेला, पेंग्विन दक्षिणेला. मधे अख्खी पृथ्वी आहे!" मालक बिचारा गुजराती, म्हणाला, "काका, आमच्याकडे दोघंही फ्रीझरमध्येच राहतात." मागच्या रांगेतली माणसं हसली. व्याही हसले नाहीत. जाता जाता त्यांनी त्या फ्रीझरचं झाकण मात्र घट्ट लावलं.

मीही हसले होते, हे कबूल करते. पण घरी आल्यावर मला माझं तारुण्य आठवलं आणि घास कडू झाला. काय तोऱ्यात शिकवायची मी! करकरीत इस्त्रीची साडी, हातात छडीसारखी पट्टी, नकाशावर एक टकटक आणि वाक्य, "हा बर्फाळ, ओसाड, निर्जन प्रदेश. इथले लोक इग्लूत राहतात, कच्चं मांस खातात." एकाच दमात निर्जन आणि इथले लोक! पंचवीस वर्षं हे म्हटलं आणि एकदाही जीभ अडखळली नाही. सहावीतल्या दोन वेण्यांच्या एका मुलीनं मात्र हात वर करून विचारलं होतं, "बाई, तिकडच्या शाळेत आपल्याबद्दल काय शिकवतात?" मला उत्तर येत नव्हतं. उत्तर येत नसलं की त्या काळी आमच्याकडे एकच उपाय असे. तिला तास संपेपर्यंत बाकावर उभं केलं, आगाऊपणाबद्दल. आणि शिक्षकांच्या खोलीत जाऊन वर ते फुशारकीनं सांगितलं!

आता मूळ गोष्टीकडे येते. आमच्या इथे ज्येष्ठांचा एक कट्टा आहे. दर शनिवारी दुपारी दोन वाजता लायब्ररीच्या खोलीत वीसेक मराठी म्हातारे-म्हाताऱ्या जमतात आणि ज्याला बोलायचं त्याला पंधरा मिनिटं मिळतात. व्याही दर शनिवारी आर्क्टिकवर बोलत. त्यासाठी ते शुक्रवारीच शर्टाला इस्त्री करून ठेवत. लोकांना ती गंमत वाटे, पण मला माहीत होतं. एके काळी नागपुरात मध्यरात्री शीतगृहाचं मशीन बंद पडलं, तर फोन व्याह्यांना जाई. इथे आल्यापासून ह्या माणसाला कुणी काही विचारलेलं नव्हतं. मुलं कामात, नातवंडं फोनमध्ये. आठवड्यातली ती पंधरा मिनिटं गेली असती, तर त्या शर्टाला कपाटातून बाहेर यायचं कारणच उरलं नसतं.

आणि नेमका तोच घाट घातला गेला. कट्ट्याच्या चालक एक पुण्याच्या ताई आहेत. त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला, "भाऊ, सभासदांना आरोग्य आणि पाककृती हे विषय हवे आहेत. आर्क्टिकचा विषय पुढच्या शनिवारी संपवावा, ही नम्र विनंती." व्याह्यांनी तो वाचला आणि फोन उपडा ठेवला. "काय करून राहिले"सुद्धा म्हणाले नाहीत! माझं डोकं फिरलं. व्याह्यांना नावं ठेवायचा हक्क विहिणीचा. ह्या कोण टिकोजीराव? मी ताईंना फोन लावला. "आर्क्टिक संपवा म्हणजे काय हो? तो काय फराळाचा डबा आहे? आणि तुमचं भरल्या वांग्यांचं प्रवचन तीनदा ऐकलंय आम्ही!" ताई म्हणाल्या, "अहो, पण तिथलं आपलं कोण आहे?"

ते मी व्याह्यांना सांगितलं. त्यांनी फोन सुलटा केला आणि म्हणाले, "आहे. आणतो."

झालं होतं असं, की त्या रेडिओवर एक आजी बोलल्या होत्या. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरच्या, इनुपियाट ह्या तिथल्या मूळच्या लोकांतल्या. त्यांच्या आजोबांनी गोठलेल्या जमिनीत खोल तळघर खणलेलं. व्हेलचं मांस त्यात वर्षानुवर्षं राहायचं. वीज नाही, मशीन नाही. आणि आता त्या तळघरात पाणी येत होतं. हे ऐकून आमच्या शीतगृहवाल्यांना झोप येईना. त्यांनी रेडिओच्या पत्त्यावर पत्र लिहिलं, दाराचं माप विचारलं, हवा कुठून शिरत असेल ते चित्र काढून पाठवलं. आजींचं उत्तर आलं. वर्षभर त्यांची अशी पत्रापत्री चालू होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. कुणी विचारलंच नव्हतं ना!

शनिवारी लॅपटॉपवर आजी अवतरल्या. गोल चेहरा, मोठा चष्मा, मागे खिडकीत काळोख. त्यांच्याकडे सकाळचे दहा, पण हिवाळ्यात तिथे सूर्य उगवतच नाही. आता, पाहुण्यांचा सत्कार केल्याशिवाय मराठी सभा सुरू होईल तर शपथ! ताई शाल-श्रीफळ घेऊन पुढे झाल्या, नारळ कीबोर्डवर ठेवला आणि शाल मोठ्या प्रेमानं लॅपटॉपला पांघरली. कॅमेऱ्यासकट. शालीच्या आतून इंग्रजीत आवाज आला, "अंधार तर आमच्याकडे असतो. तुमच्याकडे भर दुपारी कसा काय झाला?"

खोली अशी हसली की लायब्ररीची बाई डोकावून गेली. मग आजी तळघराबद्दल बोलल्या. व्याही भाषांतर करत होते आणि मधेमधे स्वतःचाच संताप मिसळत होते. कोपऱ्यातल्या एका काकांनी भीत भीत विचारलं, "तिकडच्या थंडीत गुडघे दुखतात का हो?" आजी म्हणाल्या, "डावा." बस्स! पुढची वीस मिनिटं उत्तर ध्रुव आणि न्यू जर्सी ह्यांच्यात गुडघ्यांवर जी चर्चा झाली, तशी कुठल्या दोन देशांत झाली नसेल. कुणी तिळाचं तेल सांगितलं, आजींनी सीलचं.

शेवटी मी हात वर केला. त्या आजीही शाळेत शिकवत, हे मला व्याह्यांनी सांगितलं होतं. मी विचारलं, "बाई, तुमच्या शाळेत आमच्याबद्दल काय शिकवायचात?" त्या जरा लाजल्या. म्हणाल्या, "हत्तीवर बसून बाजारात जातात, आणि घरोघरी नाग असतो. माफ करा. मीच शिकवत होते." मी म्हटलं, "मी तुम्हाला इग्लूत कोंबलं होतं." "आम्ही लाकडाच्या घरात राहतो." "आमच्याकडे होंडा आहे." दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. ताई उठून म्हणाल्या, "भाऊ, पंधरा मिनिटं तुमचीच. कायमची."

इथे गोष्ट थांबली असती तर बरं झालं असतं. पुढच्या उन्हाळ्यात आजींचं पत्र आलं. तळघर पाण्यानं भरलं, ते बुजवून टाकलं, त्यांच्या मुलानं विजेचा मोठा फ्रीझर मागवला. मांस टिकतं, पण चव ती नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. आयुष्यभर यंत्रानं गारवा करणारा माणूस, त्याला आनंद व्हायला हवा होता. त्यांनी पत्राची घडी केली आणि वही मिटली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम फ्रिज उघडा ठेवून कोथिंबीर शोधली. कुणी आकडे मोजले नाहीत. शेवटी फ्रिजच केविलवाणा पीं पीं करायला लागला.

त्या शनिवारी शर्टाला इस्त्री नव्हती. ताई म्हणाल्या, "भाऊ, या." व्याही जागेवरूनच म्हणाले, "आज काही नाही." एवढं भांडून मिळवलेली पंधरा मिनिटं रिकामी पडून होती आणि ताईंची नजर वांग्यांकडे वळायला लागली होती. मग मीच उठले. पट्टी नव्हती, म्हणून चष्म्याचं घर हातात घेतलं, आणि माझ्या जुन्या करकरीत आवाजात सुरू केलं, "तर मंडळी, उत्तर ध्रुव हा ओसाड, निर्जन प्रदेश. इथे पेंग्विन नावाचा पक्षी मुबलक आढळतो."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

"विहीणबाई! काय सांगून राहिल्या! पेंग्विन दक्षिणेला! आणि निर्जन? माणसं राहतात ना बाप्पा तिथं!" ते ताडताड पुढे आले, चुरगळलेल्या शर्टातच, आणि बोलायला लागले. आधी रागानं, मग हळूहळू. तळघर किती खोल होतं, पायऱ्या किती होत्या, आजोबांनी ते कशानं खणलं होतं.

मधेच त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "बसा ना आता, विहीणबाई. काहून उभ्या आहात?"

मी म्हटलं, "असू दे. तास संपेपर्यंत उभीच राहते."