बिनकिल्लीचा स्विच

भूकंप झाला तेव्हा मी फौजेच्या वर्कशॉपमध्ये हवालदार होतो. ट्रेड, व्हेइकल मेकॅनिक. हुकूम आला आणि आमची तुकडी लातूरकडच्या एका गावात पोचली. सोबत नायक खलील, आमचा ड्रायव्हर, कंधारचा. गडी बोलका, गाडीशीसुद्धा भांडायचा.

काम ठरलेलं होतं. सकाळी ट्रक तपासायचे, मग दिवसभर ढिगारे उपसायचे. एका दुपारी आमचे ट्रक जखमी घेऊन लातूरला गेलेले असताना ढिगाऱ्यातून एक बाई जिवंत निघाली. मांडी चिरडलेली, रक्त थांबेना. सुभेदारसाहेबांनी वायरलेसवर गाडी मागितली.

उत्तर आलं, "गाडी नाही. वेट करा."

वेट करण्याइतकं रक्त तिच्या अंगात नव्हतं.

समोर एका अडत्याच्या तडे गेलेल्या घरापुढं त्याची अँबेसेडर उभी होती. धुळीनं माखलेली, पण धडधाकट. अडत्या म्हणाला, "किल्ली आत खुंटीला हाय. दारातून हात घातला की लागती."

मी बॉनेट उघडत म्हणालो, "खलील, थांब. किल्ली नको, डायरेक्ट करतो."

"उस्ताद, तुम्ही वायरी शोधेपर्यंत येतो की मी."

तो आत गेला आणि जमीन पुन्हा हलली. भिंत बसली.

मी तिकडे धावलो. सुभेदारसाहेबांनी अडवलं. "हवालदार, गाडी चालू कर. त्याला आम्ही काढतो."

बॅटरीची वायर कॉइलला दिली, पान्यानं स्टार्टर शॉर्ट केला. बाईला लातूरला पोचवलं. ती वाचली. परत आलो तेव्हा खलील चादरीखाली होता.

आता मी लातुरातच राहतो, क्लासेसच्या गल्लीत. दारात लिलावात घेतलेली जुनी फौजी जीप असते. परवा तिचा इग्निशन स्विच जळाला. पार्टवाला शिवा म्हणाला, "साहेब, आता किल्लीवाला बसवा. लई पोरं हायेत इथं. कुणीबी नेईल."

"नेऊ दे. फौजी जीपला किल्ली नसते. खटक्याचाच दे."

"अन् चोरानं नेली तर?"

"चोर तरी वेळेवर पोचेल."

बॅटरीचं निगेटिव्ह काढलं. वायरींना खुणा करून जुना स्विच उतरवला, नवा बसवला, नट आवळला. खटका फिरवून स्टार्टर दाबला, इंजिननं लगेच घेतलं. गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलंय, अडीनडीला मला विचारत बसू नका, घेऊन जा. सून डोक्याला हात लावते. लावू दे. मी असेपर्यंत या गाडीला किल्ली लागणार नाही.

खलीलला कंधारला माती दिली. त्या दिवशी त्याच्या अम्मीनं मला एकच विचारलं, "किल्ली घावली होती का त्याला?"

"हाव अम्मी," मी म्हणालो. "मुठीत होती."