बाहेर काढायला लागलेला वेळ

गॅलरीताईंचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कुणाला तरी आठवायचं. एरवी फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून सचिवांपर्यंत सगळे त्यांना गॅलरीताईच म्हणत. सभागृहाच्या वरच्या अंगाला लोकांना बसण्यासाठी जी गॅलरी होती, तिथे शांतता राखणं हे त्यांचं काम. खाली निवडून आलेल्यांनी बाकं बडवावीत, एकमेकांची सात पिढ्यांची उणीदुणी काढावीत. वर बसलेल्यांनी मात्र ब्र काढायचा नाही. टाळी नाही, हसू नाही, उभं राहणं तर नाहीच.

कुणी नियम मोडलाच तर त्याला बाहेर काढायची ताईंची एक खास पद्धत होती. त्या दंडाला धरत नसत, डोळे वटारत नसत. रबरी तळव्यांच्या बुटांनी मांजरासारख्या मागून यायच्या, कानाशी वाकायच्या आणि म्हणायच्या, "जरा येता का?" घरून कुणी भेटायला आलंय अशा सुरात. माणूस विचार करायच्या आत उठायचा आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसायचा. एकदा एका धिप्पाड गृहस्थांनी खालच्या मंत्र्यांना शिवी हासडली होती. ताईंनी त्यांना बाहेर आणून बसवलं, तरी ते बराच वेळ जिन्याकडे बघत विचारत होते, "पण आलंय कोण भेटायला?"

नव्या मुलींना त्या शिकवायच्या, "कुणाला बाहेर काढलं हे बाकीच्यांना कळता कामा नये. आणि जमलं तर ज्याला काढलं, त्यालाही उशिराच कळावं."

त्यांचे यजमान चाव्या बनवायचे. दुकानात दिवसभर त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू असे. गिऱ्हाइकांना सांगत, "आमची ही अख्ख्या देशाला गप्प बसवून येते. मग घरी मी काय बोलणार?" आणि ते तासभर बोलत.

त्या वर्षी गर्भपाताच्या कायद्यातली दुरुस्ती सभागृहापुढे आली. जुन्या कायद्यात दोन डॉक्टरांच्या सह्या लागत, आणि बाई लग्नाची असेल तर वर नवऱ्याची सही. नव्या विधेयकात नवऱ्याची सही काढून टाकली होती, डॉक्टर एकच पुरे असं म्हटलं होतं. शिवाय जिला मूल ठेवायचंय पण परवडत नाही, तिच्यासाठी पाळणाघर आणि दरमहा मदत, अशीही कलमं होती. देश ढवळून निघाला होता. ताईंच्या घरातही पडसाद होतेच. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नणंदेने सकाळी जिन्यातच त्यांना गाठलं.

"आज मतदान ना गं? सांग तिकडे, जीव घ्यायचा कायदा करू नका म्हणावं."

"वन्सं, माझं तिथे कोण ऐकतंय? मला तर बोलायचीच बंदी."

"पण तू आहेस कुणाच्या बाजूची?"

"मी गॅलरीच्या बाजूची," म्हणून ताई खाली उतरल्या.

ही पळवाट नव्हती. आयुष्यभर दोन्हीकडची भाषणं ऐकून त्यांना एवढंच कळलं होतं, की फार ठामपणे बोलणाऱ्या माणसाला बहुधा कुणीतरी काहीतरी सांगायचं राहिलेलं असतं. आणि गॅलरीत येणारं माणूस कुठल्याही बाजूचं असो, ते उन्हातान्हात रांगेत उभं राहून आलेलं असतं, हे त्या कधी विसरत नसत.

त्या दिवशीची रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती. विधेयकाच्या बाजूच्या बायकांनी हिरवे बिल्ले लावले होते, विरोधातल्यांनी पांढरे. आत बिल्ल्यांना बंदी, म्हणून ताईंनी दारात खोका धरला आणि सगळ्यांचे बिल्ले काढून घेतले. हिरवे, पांढरे एकाच खोक्यात. मग ज्या येतील त्या मिळेल त्या जागी बसल्या, आणि बसल्यावर कोण कुठली ते ओळखता येईना. बसची वाट बघत बसलेल्या बायकांसारख्या सगळ्या एकसारख्या दिसायला लागल्या.

एका म्हाताऱ्या बाईंच्या कोटावर मात्र बिल्लाच नव्हता. लाँड्रीत इस्त्रीचं काम करायच्या. कपड्यांना खळीचा वास येत होता. गुडघे धरून जिना चढत होत्या. ताईंनी त्यांना मधल्या ओळीत, मधोमध बसवलं; तिथून खालचं सगळं नीट दिसे.

"निकाल आजच लागेल ना, बाई?"

"लागेल. तुम्ही फक्त आवाज करू नका हं, मावशी. अध्यक्ष आज कडक आहेत."

"मी कशाला आवाज करू? ऐकायला आलेय." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "माझी लेक गेली यात. दोन लेकरं होती पदरात, तिसऱ्याची ताकद नव्हती अंगात. एका डॉक्टरने सही दिली, दुसऱ्यानेही दिली. नवऱ्याची राहिली. मग कुठल्यातरी बाईकडे गेली, मला न सांगता. नातवंडं माझ्याकडे असतात. मोठीला आता कळतं. आज काय ठरलं ते तिला मी सांगणारे. दुसऱ्या कुणाकडून ऐकून नव्हे, माझ्या कानांनी ऐकून."

ताईंनी मान डोलावली आणि त्या आपल्या जागी, भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. पण त्यांची नजर पुन्हा पुन्हा त्या मधल्या ओळीकडे जात राहिली.

चर्चा दुपारभर चालली. मंत्रीणबाई चांगलं बोलल्या, विरोधातले एक वयस्कर सदस्यही चांगलं बोलले. जन्माला न आलेल्याची बाजू घेणारं कुणीतरी हवं, असं ते म्हणाले तेव्हा सभागृह खरोखरच गप्प झालं. मग शेवटी एक सदस्य उठले. भाषणापेक्षा टोमण्यांसाठी त्यांची ख्याती होती. खिशात हात घालून म्हणाले, "नवऱ्याची सही नको म्हणतात. मी म्हणतो, का नको? ज्या बाईला नवऱ्याला विचारायची चोरी वाटते, तिच्या पोटात काय आहे आणि कुणाचं आहे, हे मी कशाला सांगू?"

बाकांवर खसखस पिकली. आणि गॅलरीतून आवाज आला, ओरडून नाही, पण स्पष्ट.

"लेकीचा नवरा जहाजावर होता, साहेब. सही कुठून आणायची तिने?"

म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. आपण उभ्या आहोत हे त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

अध्यक्षांनी हातोडा आपटला. "गॅलरीतल्या त्या बाईंना बाहेर न्या. यापुढे आवाज आला तर सगळी गॅलरी रिकामी करीन. चर्चा संपली. मतदानासाठी विधेयकाच्या बाजूच्या सदस्यांनी उभं राहावं."

हुकूम हुकूम असतो. नेहमीच्या वेगाने गेल्या असत्या तर मोजणी सुरू होण्याआधी मावशी व्हरांड्यात बसल्या असत्या, आणि जाड दार बंद झाल्यावर बाहेर काहीच ऐकू येत नाही. त्यांनी कोट खाली ओढला, आणि निघाल्या. पण अशा निघाल्या, की भिंतीशी उभी असलेली नवी मुलगी बघतच राहिली. ओळीच्या टोकाशी येऊन थांबल्या, प्रत्येकीला "जरा पाय घ्या हं आत" म्हणत, प्रत्येकीने घेईपर्यंत वाट बघत मधोमध पोचल्या.

"मावशी, हात धरा माझा. गुडघे दुखतात ना? घाई नको."

"बाई, निकाल..."

"पाऊल टाका. एक टाका. आता दम घ्या."

खाली मोजणी चालू होती. सचिव बोट नाचवत बाकांवरून फिरत होते. दोघी तीनचार खुर्च्या सरकल्या असतील, तोच पुढची उंच, करड्या केसांची बाई एकदम खाली वाकली. सकाळी खोक्यात पांढरा बिल्ला तिनेच टाकला होता, आणि टाकताना ताईंकडे रागाने बघितलं होतं.

"थांबा. माझा चष्मा पडलाय. पाय ठेवाल त्यावर."

ताईंनी पाहिलं. चष्मा तिच्या डोक्यावर होता, केसांत खोचलेला.

"अगंबाई," ताई हळूच म्हणाल्या, आणि त्याही वाकून खुर्चीखाली शोधायला लागल्या. अध्यक्षांनी वर पाहिलं तेव्हा त्यांना दोन बायकांच्या पाठी दिसल्या आणि मधे खुर्ची धरून उभी असलेली एक म्हातारी. हुकुमाची अंमलबजावणी चालू होती. बोलणार काय?

विरोधातले उभे राहिले, मोजले गेले, बसले. मग चष्मा एकदाचा सापडला. ताई मावशींना घेऊन दाराशी पोचल्या, दार अर्धं उघडलं, आणि मुठीत कडी धरून तिथेच उभ्या राहिल्या. खाली अध्यक्षांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"होयचे बहुमत. विधेयक संमत झाले आहे."

ताईंच्या दंडावरची मावशींची बोटं एवढी घट्ट झाली, की नंतर तिथे वळ उठला.

व्हरांड्यातल्या बाकावर ताईंनी त्यांना पाणी दिलं. थोड्या वेळाने गॅलरी सुटली. ती उंच बाई जाता जाता दोघींसमोर थांबली. तिचे डोळे लाल होते.

"मी अजूनही विरोधातच आहे," ती म्हणाली.

"असू द्या की," ताई म्हणाल्या.

"पण ते जे तुमच्या मुलीबद्दल... तसं नव्हतं बोलायला पाहिजे त्याने." एवढं बोलून ती गेली.

मावशी मग बोलायला लागल्या. लेकीला शिट्टी वाजवता यायची, इस्त्री करताना कॉलर आधी की बाह्या आधी यावरून दोघींचं रोज भांडण व्हायचं, असलं काहीबाही. कामावर असताना ताई कधी बसत नसत. आज त्यांच्याशेजारी बसल्या. मधेच पहारेकरी आला.

"गॅलरीताई, मोठे साहेब विचारतायत, त्या बाईंना बाहेर काढलं की नाही?"

"काढतेय म्हणावं अजून," ताई म्हणाल्या, आणि मावशींकडे वळल्या. "हं, मग? कॉलर आधी?"

संध्याकाळी साहेबांनी त्यांना खोलीत उभं केलं. "इतका वेळ? तुम्हाला?"

"साहेब, घाई केली असती आणि पडल्या असत्या, तर उद्या त्यावरच चर्चा लागली असती."

साहेबांनी फाइल चेहऱ्यासमोर धरली. ती खाली आली तेव्हा चेहरा पुन्हा कडक होता. आठवडाभर खाली सामानघरात काम, अशी शिक्षा झाली. ताईंनी तो आठवडा लोकांच्या छत्र्या आणि पिशव्या सांभाळत काढला. यजमानांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, बदली झालीये चार दिवस, बसून काम आहे, पायांना बरं वाटतंय.