दारावरचा दगड

जगात घरं दोनच प्रकारची, एक स्कॉटलंडच्या खेड्यातलं ते दगडी घर आणि बाकीचे सगळे पुठ्ठ्याचे खोके, असं अमेरिकेत, नेपरव्हिलमधल्या आमच्या शेजारच्या काकांचं ठाम मत होतं. हे मत ते स्वतःच्याच खोक्यात चहा पीत देत. तरुणपणी नोकरीनिमित्त, नव्यानेच लग्न झालेल्या काकूंना घेऊन ते त्या घरात दोन वर्षं भाड्याने राहिले होते. त्यानंतर तीस वर्षं ते घर काकांमध्ये राहत होतं. भिंती दोन फूट जाड, दगड चुन्यात बसवलेले, आणि खिडकीचा कट्टा एवढा खोल की काकू त्यावर मांडी घालून तांदूळ निवडत. "चुना श्वास घेतो, सिमेंट गळा दाबतं," हे वाक्य आमची मुलगी बाहुलीलासुद्धा ऐकवायची.

कोणाच्याही घरी गेले की काका आधी भिंतीवर टकटक करत आणि मग बूट काढत. २००३ साली आमच्या वास्तुशांतीला त्यांनी अशीच टकटक केली, "पोकळ!" म्हणाले, आणि मला पटेना म्हणून एक ठोसा हाणला. हात कोपरापर्यंत आत गेला. गुरुजी मंत्र विसरले. "बघ, सांगत नव्हतो?" काका हात भिंतीतच ठेवून म्हणाले. त्या भोकावर आम्ही गणपतीचा फोटो लावला.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी एक लांबट दगड आणला आणि महिनाभर गराजमध्ये छिन्नी चालवली. त्या खेड्यातल्या जुन्या घरांच्या दारावर नवराबायकोच्या नावांची अक्षरं कोरलेली असत, आणि बायकोची तीही माहेरच्या नावाची. काकांच्या घराण्यात मात्र सुनेचं नावच बदलत. माहेरची कमल लग्नात शुभदा झाली होती. काकांनी दगडावर कोरलं, 'दत्तात्रय, कमल', आणि तो दारावर बसवला. काकूंनी वर पाहिलं, दोनदा वाचलं आणि पायरीवरच बसल्या. "अगंबाई, मीच की ही!"

तीन आठवड्यांत वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र आलं : विनापरवानगी सजावट, काढून टाका. काका टाय लावून मीटिंगला गेले. मी बरोबर होतो. ते उभे राहून म्हणाले, "सर, धिस इज नॉट डेकोरेशन. दॅट इज माय वाइफ." एका बाईंनी डोळे पुसले आणि त्याच हाताने विरुद्ध मत दिलं. मला भयंकर राग आला. काका मात्र दुसऱ्याच दिवशी दगड उतरवून घरात घेऊन गेले, स्वयंपाकघराच्या दारावर. पोकळ भिंतीला तो पेलेना, म्हणून खाली दोन लाकडी खांब आले.

"काका, दगडाला लाकडाचा टेकू?" मी चिडवलं.

"तू गप्प बस आणि धर."

तेव्हापासून, आयुष्यभर 'अगं' म्हणणारे काका काकूंना 'कमल' म्हणू लागले. तेही असं खणखणीत की आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येई.

२००८च्या हिवाळ्यात काका गेले. बर्फ वितळल्यावर काकू मुलाच्या गावी, नोव्हायला, कायमच्या राहायला निघाल्या. दगड गाडीत चढवायला आम्ही तिघे लागलो. निघताना काकूंनी काच खाली केली.

"दगड येतोय रे बरोबर. पण तो हाक नाही मारत. तू मार बघू एकदा."

आईच्या वयाच्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना.

"कमलकाकू," मी म्हणालो.

"ओ," त्या म्हणाल्या.