कलपाची दुसरी बाटली

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. सत्तर सालानंतरच्या वर्षांत कराडात माझं केस कापायचं दुकान होतं. फौजेतून परतलेले एक हवालदार माझ्याकडे केस-मिशा काळ्या करून घेत. साखर कारखान्यातल्या वॉचमनच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी ते आले, तेव्हा नेहमीचा कलप संपला होता. दुसऱ्या कंपनीच्या बाटलीवरही काळ्या रंगाचा तोच तीन नंबर होता. कंपनी बदलली की आधी मानेवरच्या चार केसांना लावून बघायचं असतं. गर्दी होती, मी बघितलं नाही.

सकाळी ते परत आले. केस मुळाशी जांभळट, टोकाला तांबूस.

“आवं, मोर केलासा का माझा?”

“तुमच्या विहिरीचं पाणी खारं हाय. त्यानं रंग फिरला,” मी म्हणालो.

“मग उतरवा समदं.”

मी डोकं, मिशी सगळं उतरवलं. कारखान्यावर साहेबांना वाटलं, घरात कुणी गेलंय. “तेरावं उरकून या,” म्हणाले. कलपाचं सांगायची हवालदारांना लाज वाटली. तेरा दिवसांत जागा दुसऱ्याला मिळाली.

पुढे त्यांच्या पत्नी त्यांचं डोकं धुवायला विहिरीऐवजी नदीवरून पाणी आणायच्या. हवालदार गेले, त्या अजून आहेत. दोष पाण्याचा नव्हता, माझा होता, एवढं त्यांना जाऊन सांगणं माझ्याकडून राहिलंय.