टाकीतली वीतभर नळी

टाकीतून पंप बाहेर काढला आणि लोरेटा गालेआ मटकन खालीच बसली. गॅरेजच्या सिमेंटवर, तेलाच्या डागांत, छप्पन्न वर्षांची बाई. हातात पंप, आणि पंपाच्या डोक्याला लोंबणारी काळ्या रबराची नळी. नळी ती केवढी, वीतभर. पण या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी फाटलेली.

"नाही," ती म्हणाली. ऐकायला कोणी नव्हतं. तरी पुन्हा म्हणाली, "नाही, नाही, नाही."

ही लोरेटा कोण, हे ऑस्ट्रेलियातल्या मकायच्या आसपास कोणालाही विचारा. टर्बो गाडी पेट्रोलवरून इथेनॉलवर न्यायची असेल तर माणसं हिच्याच दारात येतात. बाप माल्टाहून येऊन इथे ऊस तोडत आयुष्य घालवून गेला. लेकीने कोयत्याला हात लावला नाही, पण उसाच्या मळीतून निघणारं इथेनॉल गाड्यांना पाजायचं शिकली आणि त्यावर नाव कमावलं. इथेनॉल थंड जळतं, म्हणून त्यावर टर्बो मनमुराद फुंकता येतो आणि गाडी पिसाटासारखी पळते. पण त्याची भूक दांडगी. पेट्रोल जेवढं लागतं त्याच्या जवळजवळ दीडपट. म्हणजे पंप मोठा हवा, इंजेक्टर मोठे हवेत, आणि टाकीपासून इंजिनापर्यंतची एकूण एक नळी इथेनॉल सोसणारी हवी. इंधन जरा कमी पडलं की पिस्टन मेणासारखा वितळतो. हे काम बारीक आहे हो, आणि ते बारकाईने करणारी ती एकच.

तोंडाने मात्र फाटकी. कोणी पोरगा ऐटीत सांगायला लागला की मी सगळं वाचून आलोय, तर म्हणायची, "वाचलंस ना? मग ज्याने लिहिलंय त्यालाच बसवायला सांग." आणि प्रत्येकाला, अगदी प्रत्येकाला बोट नाचवून एक गोष्ट ऐकवायची. बाहेरची नळी टाकीच्या आत घालायची नाही. बाहेरच्या नळीचं फक्त आतलं अस्तर इथेनॉल सोसतं. टाकीत नळी बुडालेली असते, आतूनही इथेनॉल आणि बाहेरूनही. बाहेरचं रबर फुगतं, मऊ पडतं आणि एक दिवस फाटतं. टाकीतली नळी वेगळीच येते. "हे विसरलात तर माझ्याकडे रडत येऊ नका," असं म्हणायची.

आणि आता तिच्या हातात जी नळी होती ती बाहेरची होती. पांढरी छापील अक्षरं अजून वाचता येत होती.

गाडी कोणाची? तिच्या भावाची, साल्वूची. टर्बो फाल्कन. बारा वर्षं ताडपत्रीखाली उभी. साल्वू म्हणायचा, "सडू दे तिला तिथेच." पण पुढच्या महिन्यात तो पन्नाशीचा होणार, आणि लोरेटाच्या मनाने घेतलं की गाडी पुन्हा चालती करायची, हाताने चालवता येतील असे ब्रेक बसवायचे आणि वाढदिवसाला किल्ली त्याच्या हातात द्यायची. साल्वू गावात गेलेला बघून तिने ताडपत्री ओढली होती. बिचारी केवढ्या हौसेने निघाली होती!

हाताने चालवायची, कारण साल्वूचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. तो पाय याच गाडीत गेला. बारा वर्षांपूर्वी शर्यतीच्या पट्टीवर, शेवटच्या शंभर मीटरांत पिस्टन जळला, इंजिनातलं तेल मागच्या चाकांखाली आलं आणि गाडी घसरत जाऊन भिंतीवर आदळली. इंजिन उघडलं तर तिसरा पिस्टन आरपार वितळलेला. आता आमच्याकडची रीत अशी की पिस्टन जळला म्हणजे दोष ट्यूनिंग करणाऱ्याचा. लॅपटॉप लावून इंजिनाला किती इंधन द्यायचं ते ठरवतो तो. त्याने कमी दिलं म्हणून जळला. संपला विषय. टाकी उघडून बघायचं कोणाच्या डोक्यातही येत नाही.

ट्यूनिंग एरल विटकोमने केलं होतं. एरल आणि लोरेटा अकरा वर्षं एका छपराखाली काम करायचे. टाकीपासून इंजेक्टरपर्यंत तिचं, लॅपटॉप त्याचा. तिने पट्टीवरच, चारशे माणसांसमोर, त्याची कॉलर धरली होती. "तू इंधन कापलंस! दोन मैल जास्त वेगासाठी तू माझ्या भावाला कापलंस!" दुसऱ्या दिवशी गॅरेजचं कुलूप बदललं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की एरलच्या हातात गाडी द्याल तर मराल. महिनाभरात एरलकडे एक गाडी येईना. घरातली माणसं तेवढी बोलत राहिली असतील त्याच्याशी. हल्ली तो गाळपाच्या हंगामात कारखान्याची उसाची आगगाडी चालवतो.

लोरेटाला आठवलं. सगळं आठवलं, आणि तेच वाईट. शर्यतीच्या आदल्या दिवशी टाकीतली नळी संपली होती. दुकान सोमवारी उघडणार. वीतभर तर लागतेय, एका शर्यतीने काय होतंय, सोमवारी बदलू, असं म्हणून तिने बाहेरच्या गुंडाळीतला तुकडा कापून घातला होता. एक शर्यत. पण सराव धरून टाकी तीन आठवडे भरलेली राहिली, कारण पावसाने ती शर्यत पुढे गेली, आणि ही बया विसरून गेली.

तिने नळी उजेडात धरून चीर पुन्हा बघितली. पण माणसाचं मन मोठं लबाड असतं. लगेच म्हणालं, अगं, बारा वर्षं पडून आहे नळी. सुकून नंतर फाटली असेल. त्या दिवशी धड असेल. हो की नाही? असूही शकतं ना?

तेवढ्यात बाहेर कुबडीचा आवाज आला. साल्वू दारात उभा. त्याने ताडपत्री बघितली, उघडी टाकी बघितली, बहिणीच्या हातातली नळी बघितली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"कोणी सांगितलं होतं तुला हे उघडायला?"

"साल्वू, ही नळी मी घातली होती."

"टाक ती. जुनं रबर आहे. बारा वर्षांत काहीही फाटतं."

"तेच मला कळायला हवंय. तेव्हा फाटली की नंतर."

"नंतर!" तो ओरडला. "मी सांगतो ना, नंतर! चल, चहा टाक. चीजच्या पास्तिझी आणल्यात गरम."

लोरेटा उठली. "एरलच्या लॅपटॉपवर त्या दिवसाचा इंधनाचा दाब नोंदलेला असणार. नळी तेव्हा फाटली असेल तर दाब पडलेला दिसेल. नसेल फाटली तर मी सुटले."

"लोरी, जाऊ नकोस त्याच्याकडे. माझी शपथ आहे तुला."

भावाने आयुष्यात कधी शपथ घातली नव्हती. पण ती कुठली थांबायला? नळी खिशात कोंबून ती गाडीत बसलीसुद्धा.

एरल तिला फाट्याजवळ, डबे उभे करायच्या बाजूच्या रुळांवर सापडला. दुपारची वेळ, उसाचे रिकामे डबे लावून तो इंजिनाच्या पायरीवर बसला होता, थर्मासमधला चहा पीत. ती येताना दिसली तरी उठला नाही. केस पांढरे झाले होते. बारा वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते, दुकानात समोर आली तर ती रांग बदलायची.

"काय गं," एरल म्हणाला, "वाट चुकलीस?"

तिने नळी काढून त्याच्यासमोर धरली.

एरलने नळी हातात घेतली. उलटी केली, चीर बघितली, अंगठ्याने अक्षरं पुसून वाचली. त्याला जराही नवल वाटलं नाही. ते लोरेटाच्या नजरेतून सुटलं नाही.

"दाब किती होता?" तिने विचारलं. "शेवटी शेवटी?"

"अर्ध्यावर आलेला. मी दिलं होतं तेवढं इंधन इंजिनाला पोचतच नव्हतं. पंपातून निघून परत टाकीतच पडत होतं." त्याने नळी तिला परत दिली. "त्याच संध्याकाळी बघितलं मी. दाब असा पडतो तो टाकीतूनच."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"बारा वर्षं?"

"हो गं बाई. किती वेळा तेच विचारशील?"

लोरेटा एक पाऊल पुढे सरकली. "मग बोलला का नाहीस? मी तुला चारशे माणसांसमोर... तुझं दुकान... अरे, लॅपटॉप आणून माझ्या तोंडावर का नाही फेकलास?"

"तुझ्याकडेच आणणार होतो. आधी हॉस्पिटलात साल्वूकडे घेऊन गेलो. म्हटलं, ज्याचा पाय गेला त्याला आधी कळू दे." एरलने कपातला उरलेला चहा खडीवर ओतला. "त्याने बघितलं. मग म्हणाला, एरल, पाय तर माझा गेलाच आहे. हे तिला कळलं तर ती पुन्हा पान्याला हात लावणार नाही. माझा पाय राहू दे, तिचे हात वाचव. रडत होता गं. नुकताच पाय कापलेला माणूस, त्याला काय नाही म्हणणार?"

"म्हणून तू कायमचा गप्प?"

"कायमचा कुठला! महिनाभर गप्प राहतो म्हणालो. तू जरा सावरलीस की तो स्वतः सांगणार होता. महिना झाला, दुसरा झाला. तोवर तू मला पुरतं संपवून टाकलं होतंस. मग मी म्हटलं असतं की नळी फाटली होती, तर कोणी ऐकलं असतं? तू ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. तिला पक्कं ठाऊक होतं. तिने पाना फेकून मारला असता.

लोरेटा आपल्या हातांकडे बघत राहिली. तेलाने काळवंडलेले, भेगा पडलेले हात. या हातांनी बारा वर्षांत किती गाड्या उभ्या केल्या याचा हिशेब तिनेही ठेवला नव्हता. लोक म्हणायचे, लोरीच्या हातात जादू आहे. तीही हसून म्हणायची, आहेच मुळी! आणि त्या सगळ्या बारा वर्षांत हा माणूस इथे उसाचे डबे ओढत होता. गाळप संपलं की काय करत असेल, हेही तिला माहीत नव्हतं. लाजेने तिला कुठे बघावं ते कळेना.

"साल्वूने माझे हात वाचवले," ती अखेर म्हणाली. "आणि तुझे रे? तुझ्या हातांचं काय ठरलं त्या दिवशी?"

एरलने थर्मासचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा नीट आट्यांवर बसवून लावलं.

"तो विषयच नाही निघाला, लोरी."

इंजिनातला वायरलेस खरखरला. पलीकडच्या शेतातले भरलेले डबे तयार होते. एरल पायरी चढून आत गेला आणि त्याने इंजिन सुरू केलं. लोरेटाला काहीतरी म्हणायचं होतं, काहीही, पण डबे हलायला लागले होते आणि त्याला पुढे बघणं भाग होतं.